किंग्स्टनच्या तबकड्या : नवश्रोत्यासाठीं रूट्स रेगेची ओळख

सन १९७७ च्या जुलै महिन्याची ७ तारीख. जमैका बेटाची राजधानी किंग्स्टन हें एरव्हीं गजबजलेलें शहर. बसगाड्यांची वर्दळ, बाजारांतला कोलाहल आणि कोपऱ्याकोपऱ्यावर उघड्यावर मांडलेले ध्वनिवर्धक यांवांचून तेथील दिवस जात नसे. त्या दिवशीं मात्र पुष्कळ लोक घराबाहेर पडलेच नाहींत. दाराला कडी लावून, आंत बसून, ते सूर्य मावळण्याची वाट पाहत राहिले. कारण काय, तर एक गाणें. 'कल्चर' नांवाच्या तिघां गायकांच्या मंडळीनें त्या वर्षीं 'टू सेव्हन्स क्लॅश' ही तबकडी काढली होती. दोन साताचे आंकडे एकमेकांवर आदळतील तेव्हां मोठा उत्पात होईल, असें भविष्य मार्कस गार्वे या नेत्यानें वर्तविलें होतें अशी लोकांची समजूत होती, आणि जोसेफ हिल या गायकानें तीच समजूत गाण्यांत बांधली होती. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशीं, सत्त्याहत्तर सालीं, दोनच काय पण चार सात एकत्र आले. उत्पात झाला नाहीं. पण एका गाण्यानें शहराची वर्दळ थंडावली, ही घटना सामान्य नव्हे.

ज्या संगीताच्या अंगीं हें सामर्थ्य होतें त्याला 'रूट्स रेगे' म्हणतात. 'रूट्स' म्हणजे मुळें. रेगे हा जमैकेंतील लोकप्रिय संगीताचा प्रकार सन १९६८ च्या सुमारास रूढ झाला. टूट्स हिबर्ट याच्या 'मेटल्स' मंडळीनें त्याच वर्षीं काढलेल्या एका गाण्याच्या नांवांत तो शब्द प्रथम ठळकपणें छापला गेला. त्या प्रवाहांतील जो भाग आपल्या लोकांच्या गुलामगिरीचा इतिहास, आफ्रिकेची ओढ आणि रास्ताफारी पंथाची श्रद्धा यांना वाहिलेला आहे, तो रूट्स. त्याचा भर साधारणतः १९७३ पासून १९८० पर्यंत राहिला. सात-आठ वर्षांचा हा काळ, आणि महाराष्ट्रांतील एखाद्या दोन जिल्ह्यांएवढें बेट. तरीहि तेथून निघालेल्या तबकड्या आज टोकिओपासून लागोसपर्यंत ऐकल्या जातात, आणि २०१८ सालीं युनेस्कोनें जमैकेच्या रेगे संगीताची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली.

नव्या श्रोत्यानें त्यांत कोठून प्रवेश करावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. बहुतेकांच्या हातीं प्रथम येते ती 'लेजंड' ही तबकडी. बॉब मार्ले १९८१ च्या मे महिन्यांत, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, कर्करोगानें मरण पावला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९८४ सालीं, त्याच्या गाजलेल्या गाण्यांचा हा संग्रह निघाला आणि रेगेची दुसरी कोणतीहि तबकडी खपली नसेल इतका तो खपला. त्यांतील गाणीं गोड आहेत, यांत शंका नाहीं. परंतु निवड करणाऱ्यांनीं बहुतांशीं प्रेमाचीं आणि दिलाशाचीं गाणीं वेंचलीं. संतापाचीं, उपासमारीचीं आणि न्याय मागणारीं गाणीं बरीचशीं बाहेर ठेविलीं. त्या दरवाजानें आंत गेलेल्या माणसाला रेगे म्हणजे समुद्रकिनारा, ऊन आणि आळस, असें वाटूं लागतें. हा समज पुढें मोडावयास फार श्रम पडतात. म्हणून पहिली तबकडी कोणती ऐकावी याला येथें इतकें महत्त्व आहे.

तबकड्यांकडे वळण्यापूर्वीं तालाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण मराठी घरांत वाढलेल्या कानाला या संगीताची पहिली अडचण तेथेंच येते. आपल्या तालांत समेला सर्वांत मोठा मान. गवई कितीहि दूर भटकला तरी समेवर येतो, आणि श्रोते मान हलवून त्याला पोंचपावती देतात. रेगेच्या चार मात्रांच्या आवर्तनांत मात्र, विशेषतः 'वन ड्रॉप' नांवाच्या ठेक्यांत, पहिली मात्रा रिकामी सोडलेली असते. ढोलाचा घाव पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. गिटार आणि पियानो दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक, कोरडे आघात करतात. ज्या जागीं आपण भार शोधतों, तेथें पोकळी असते. आरंभीं पायाखालची पायरीच नाहीं असें वाटतें. पण दहा-पंधरा मिनिटांत कान सरावतो, आणि मग ध्यानांत येतें कीं गाण्याचा खरा आधार खर्जांतल्या बास गिटारीवर आहे. इतर संगीतांत ही गिटार पडद्याआड असते, येथें तीच सूत्रधार असते. मार्लेचे साथीदार ॲस्टन आणि कार्लटन बॅरेट हे दोघे बंधु, एक बास गिटारीवर व दुसरा ढोलांवर, या ठेक्याचे मोठे अधिकारी होऊन गेले.

आतां मुळांकडे. जमैका बेट १६५५ सालीं इंग्रजांनीं स्पॅनिश लोकांपासून घेतलें, आणि उसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें पकडून तेथें आणलीं. १८३४ सालीं कायद्यानें गुलामगिरी उठली, तरी 'उमेदवारी'च्या नांवाखालीं ती आणखी चार वर्षें चालली आणि पूर्ण मुक्तता १ ऑगस्ट १८३८ रोजीं झाली. मुक्त झालेले लोक जुन्या मळ्यांवर पूर्वीच्या अटींवर राबावयास तयार होईनात, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. १८४५ सालीं पहिलें जहाज हिंदी मजूर घेऊन जमैकेला लागलें, आणि १९१७ पर्यंत सुमारें ३६,००० माणसें अशीं करारानें तेथें गेलीं. तीं बहुतेक गंगेच्या खोऱ्यांतलीं. रास्ताफारी लोक ज्या वनस्पतीला पवित्र मानतात तिला ते आजहि 'गांजा'च म्हणतात. शब्द आपला, त्याच जहाजांतून गेलेला.

१८८७ सालीं या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंट ॲन्स बे या गांवीं मार्कस गार्वे जन्मला. छापखान्यांत काम शिकलेला हा मनुष्य. त्यानें १९१४ सालीं किंग्स्टनमध्यें कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठीं एक संस्था काढली, पुढें न्यूयॉर्कला जाऊन तिचा प्रचंड विस्तार केला, आफ्रिकेशीं व्यापार करण्यासाठीं आगबोटींची कंपनी उभारली, ती बुडाली, त्याला अमेरिकेंत तुरुंगवास घडला, आणि अखेर १९४० सालीं तो लंडनमध्यें एकाकी अवस्थेंत वारला. आफ्रिकेकडे दृष्टि ठेवा, हा त्याचा संदेश. १९३० च्या नोव्हेंबरांत इथिओपियांत रास ताफारी या राजपुरुषास 'हाइली सेलासी' या नांवानें राज्याभिषेक झाला, तेव्हां जमैकेंतील कांहीं गोरगरिबांनीं गार्वेच्या वचनाचा या घटनेशीं मेळ घातला आणि हा सम्राट् म्हणजे प्रत्यक्ष ईश्वर, असें मानलें. हाच रास्ताफारी पंथ. यांतील विनोद असा कीं, स्वतः गार्वेला हें मुळींच मान्य नव्हतें. इटलीच्या स्वारीनंतर देश सोडून गेलेल्या त्या सम्राटावर त्यानें आपल्या मासिकांत कडक टीका केली होती. भक्तांनीं ती मनावर घेतली नाहीं. गार्वे त्यांचा प्रेषित झाला तो झालाच.

या पंथाला दीर्घकाल हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. जटा वाढविणारे, मळ्यांवर राबण्यास नकार देणारे, गांजा ओढणारे हे लोक प्रतिष्ठितांच्या दृष्टीनें वेडे वा गुन्हेगार. १९६२ सालीं जमैका स्वतंत्र झाली, पण स्वतंत्र सरकारनेंहि त्यांना जवळ केलें नाहीं. १९६३ च्या एप्रिलांत, माँटेगो बे शहराजवळ कोरल गार्डन्स येथें एका जमिनीच्या तंट्यावरून हिंसाचार झाला, आठ माणसें मेलीं, आणि त्या निमित्तानें बेटभर रास्ताफारींची धरपकड व मारहाण झाली. कित्येकांच्या जटा बळजबरीनें कापल्या गेल्या. त्याबद्दल सरकारनें क्षमा मागितली ती २०१७ सालीं, म्हणजे ५४ वर्षांनीं. मध्यंतरीं १९६६ च्या २१ एप्रिल रोजीं हाइली सेलासी स्वतः किंग्स्टनला आला असतां विमानतळावर एवढा जनसमुदाय लोटला कीं सम्राटाला बराच वेळ विमानाबाहेर पाऊल टाकतां आलें नाहीं. त्या दिवसापासून पंथाचें वारें गायकांत शिरलें. ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, रूट्स रेगेच्या प्रत्येक चांगल्या तबकडीमागें हा अपमानाचा आणि श्रद्धेचा इतिहास उभा आहे. तो माहीत नसेल तर तींतील निम्मा अर्थ निसटतो.

भाषेचाहि थोडा परिचय हवा. हीं गाणीं जमैकेच्या बोलींत आहेत. इंग्रजी जाणणाऱ्यालाहि तीं प्रथम कळत नाहींत. 'बॅबिलॉन' म्हणजे जुलमी राज्य, पोलीस, सारी अन्यायी व्यवस्था. 'झायन' म्हणजे आफ्रिका, मायभूमि. 'जा' म्हणजे ईश्वर. 'मी' आणि 'आम्ही' यांच्याऐवजीं रास्ताफारी 'मी आणि मी' म्हणतो, कारण बोलणाऱ्याच्या ठायीं आणि ऐकणाऱ्याच्या ठायीं एकच ईश्वर आहे अशी त्याची धारणा. मराठी वाचकाला येथें अद्वैताची आठवण होईल. ती होऊं द्यावी, पण फार ताणूं नये. त्या पंथाचें मूळ बायबलांत आहे, वेदान्तांत नाहीं.

पहिली तबकडी म्हणून निःसंकोचपणें सुचवावी अशी एकच आहे : बर्निंग स्पिअर याची 'मार्कस गार्वे', सन १९७५. बर्निंग स्पिअर म्हणजे विन्स्टन रॉडनी. गार्वेच्याच गांवीं, सेंट ॲन्स बे येथें जन्मलेला. गाण्याच्या धंद्यांत शिरावें कसें हें त्याला ठाऊक नव्हतें. १९६९ च्या सुमारास डोंगराळ भागांत त्याला बॉब मार्ले भेटला. रॉडनीच्या सांगण्याप्रमाणें मार्ले तेव्हां गाढव, बादल्या आणि रोपें घेऊन आपल्या शेताकडे निघाला होता. त्यानें सल्ला दिला कीं किंग्स्टनला जाऊन 'स्टुडिओ वन' गांठावा. रॉडनी गेला, तेथें गायला, नांव थोडें झालें, पैसा विशेष मिळाला नाहीं, आणि तो परत गांवीं आला. पुढें ओचो रिओस गांवचा जॅक रुबी हा ध्वनिवर्धकांचा फड चालविणारा गृहस्थ त्याच्याकडे आला, आणि दोघांनीं मिळून ही तबकडी केली.

तिच्यांत काय आहे? आरंभीं शिंगवाद्यांची एक उदास, भारदस्त ललकारी. तिच्याखालीं संथ, जड खर्ज. आणि मग रॉडनीचा आवाज. हा आवाज गोड नाहीं. तो प्रार्थना करणाऱ्याचा, किंवा सभेंत साक्ष देणाऱ्याचा आवाज आहे. तो थोडेच शब्द घेतो आणि तेच पुनःपुन्हां उच्चारतो, प्रत्येक वेळीं भार निराळ्या अक्षरावर ठेवून. एका गाण्यांत तो गुलामगिरीचे दिवस आठवतात का, एवढाच प्रश्न विचारीत राहतो. प्रश्न साधा, पण ज्या देशांत ते दिवस शाळेच्या पुस्तकांतून जवळजवळ पुसले गेले होते, तेथें तो साधा राहत नाहीं. आजोबांनीं नातवाला विचारावें तसा तो विचारतो. साथीला रूपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइन्स यांचे स्वर धुपाच्या वासासारखे मागें रेंगाळत असतात.

या तबकडीची एक कहाणी आहे, आणि ती नवश्रोत्यानें जाणून घेण्याजोगी आहे. लंडनच्या 'आयलंड' कंपनीनें ती बाहेरच्या जगासाठीं प्रसिद्ध केली, पण तत्पूर्वीं तिचें स्वरमिश्रण बदललें. मूळचा खडबडीत, खर्जानें भरलेला नाद गोऱ्या श्रोत्यांच्या कानाला जड जाईल अशी भीति होती. तो हलका व गुळगुळीत करण्यांत आला. रॉडनीला हें आवडलें नाहीं, आणि आपलें काम आपल्या हातांत असावें म्हणून त्यानें पुढें स्वतःची तबकडी-संस्था काढली. म्हणजे आज जी 'मार्कस गार्वे' बहुतेकांना मिळते ती धुऊन काढलेली प्रत आहे. तरीहि ती एवढी प्रभावी वाटते, यावरून मूळ काय असेल याची कल्पना यावी. १९७६ सालीं याच ध्वनिमुद्रणांतून शब्द काढून टाकून 'गार्वेज घोस्ट' ही दुसरी तबकडी करण्यांत आली. ती आवड उत्पन्न झाल्यावर ऐकावी.

असाच प्रकार 'वेलर्स' मंडळीच्या 'कॅच अ फायर' या १९७३ च्या तबकडीबाबत घडला. मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघेहि तींत आहेत. जमैकेंत केलेलें मुद्रण लंडनला नेल्यावर कंपनीचा प्रमुख क्रिस ब्लॅकवेल यानें त्यावर एका अमेरिकन वादकाकडून गिटार आणि दुसऱ्याकडून कळवाद्यें चढविलीं, आणि ती 'रॉक' संगीताच्या श्रोत्यांपुढें ठेविली. तबकडीचें वेष्टनहि सिगारेट पेटविण्याच्या लायटरच्या आकाराचें, वरचें झांकण उघडणारें. युक्ति साधली, रेगे जगभर गेलें तें या दारानें. २००१ सालीं मूळ किंग्स्टनचें मिश्रण प्रथमच जोडीला प्रसिद्ध झालें, आणि आतां कोणालाहि दोन्ही शेजारी ठेवून ऐकतां येतात. हा प्रयोग अवश्य करावा. ब्लॅकवेलनें संगीत बिघडविलें असें सरसकट म्हणणें अन्यायाचें होईल. चढविलेली गिटार काही ठिकाणीं खरोखर सुंदर आहे, आणि मार्लेनें स्वतः लंडनमध्यें बसून तिला संमति दिली होती. परंतु मूळ प्रतींत जो मोकळेपणा आहे, वाद्यांच्या मधली जी हवा आहे, ती भरून टाकल्यानें कांहीं तरी गेलें हेंहि खरें. मार्लेच्या पुढील तबकड्यांपैकीं १९७४ ची 'नॅटी ड्रेड' रूट्सच्या दृष्टीनें अधिक अस्सल. १९७७ ची 'एक्सोडस' अधिक सुबक. ही दुसरी त्यानें लंडनमध्यें केली, कारण १९७६ च्या ३ डिसेंबरला किंग्स्टनमधील त्याच्या घरांत शिरून मारेकऱ्यांनीं त्याच्यावर, त्याच्या पत्नीवर आणि व्यवस्थापकावर गोळ्या झाडल्या होत्या. निवडणूक जवळ आलेली, दोन्ही पक्षांच्या टोळ्या शहरभर हत्यारें घेऊन फिरत असलेल्या. गायकालाहि तटस्थ राहूं दिलें जात नव्हतें. जखमी अवस्थेंत, दोनच दिवसांनीं, तो जाहीर मैफलींत उभा राहिला आणि मग देश सोडून गेला.

अबिसिनियन्स या त्रयीची 'सट्टा मासागाना' ही गोष्ट आणखी बोलकी आहे. हें गाणें त्यांनीं १९६९ सालीं स्टुडिओ वनमध्यें गाइलें. अतिशय संथ, शोकगीतासारखा स्वर, आणि शब्दांत इथिओपियाच्या अम्हारिक भाषेचा अंश. स्टुडिओचा मालक कॉक्सन डॉड हा त्या बेटावरचा सर्वांत जाणता कान असलेला मनुष्य. पण हें गाणें खपेल असें त्यालाहि वाटलें नाहीं, आणि त्यानें ध्वनिफीत कपाटांत टाकली. अखेर गायकांनीं पदरचे पैसे घालून ती फीत विकत घेतली आणि १९७१ सालीं स्वतःच्या छापानें गाणें बाहेर काढलें. तें इतकें रुजलें कीं रास्ताफारी सभांतून तें स्तोत्राप्रमाणें गाइलें जाऊं लागलें, आणि त्याच्या चालीवर इतर कलावंतांनीं कितीतरी नवीं गाणीं रचलीं. जमैकेंत एकाच ठेक्यावर व खर्जावर निरनिराळ्या गायकांनीं आपापले शब्द बसविण्याची रूढि आहे. आपल्याकडे एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात तसें. 'सट्टा मासागाना' याच नांवाची त्यांची दीर्घ तबकडी १९७६ ची. पहिली तबकडी पचल्यावर दुसरी म्हणून हीच घ्यावी.

तिसरी मात्र धीरानें ऐकावयाची : 'हार्ट ऑफ द काँगोज', १९७७. सेड्रिक मायटनचा उंच, जवळजवळ स्त्रीसुलभ आवाज, रॉय जॉन्सनचा मधला, आणि वॅटी बर्नेटचा खालचा. पण या तबकडीचा खरा नायक लीं पेरी. किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स वस्तींत, स्वतःच्या घराच्या परसांत, त्यानें 'ब्लॅक आर्क' नांवाचा लहानसा स्टुडिओ बांधला होता. यंत्र चारच पट्ट्यांचें. त्या काळीं लंडनमध्यें सोळा आणि चोवीस पट्ट्यांचीं यंत्रें सर्रास होतीं. पट्ट्या भरल्या कीं पेरी सर्व स्वर एका पट्टीवर उतरवी आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हां नवें भरी. प्रत्येक उतरवणींत फितीची थोडी खरखर साठत जाई. दुसऱ्या कोणी तो दोष मानला असता. पेरीनें त्याचें धुकें केलें. त्या धुक्यांतून घुंगरांसारखे, पाण्यासारखे, मधूनच गाईच्या हंबरण्यासारखे आवाज येतात, आणि त्यांच्यावर तीं तीन माणसें एखाद्या कोळ्याच्या होडींत बसून गात असल्याचा भास होतो. आयलंड कंपनीनें ही तबकडी बाजारांत आणली नाहीं. जमैकेंत थोड्याशा प्रति निघाल्या आणि ती जवळजवळ वीस वर्षें जाणकारांच्या तोंडीं दंतकथा होऊन राहिली. १९९६ सालीं इंग्लंडमधील एका लहान संस्थेनें ती व्यवस्थित प्रसिद्ध केली तेव्हां कोठें जगाला कळलें कीं हरवलें काय होतें. ब्लॅक आर्क पुढें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. आपण स्वतःच तो जाळला, असें पेरी सांगत असे. पण पेरीच्या सांगण्यावर किती विसंबावें हा निराळा प्रश्न आहे. तो २०२१ सालीं, ८५ वर्षांचा होऊन, वारला.

'डब' या प्रकाराचा उल्लेख वर आलाच आहे. त्याचा जन्म एका चुकींतून झाला. १९६८ च्या सुमारास एका यंत्रज्ञाच्या हातून एक तबकडी कोरतांना गायकाचे शब्द उतरवायचे राहून गेले. फडावर ती वाजली, आणि लोकांनीं स्वतःच ते शब्द म्हणत आनंदानें ती डोक्यावर घेतली. ओस्बर्न रुडॉक उर्फ किंग टबी यानें त्या चुकीची कला बनविली. तो मूळचा रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करणारा. वॉटरहाउस भागांतील आपल्या घरांत बसून तो तयार गाण्यांतून आवाज काढून घेई, एखादाच शब्द प्रतिध्वनींत विरून जाऊं देई, ढोल थांबवी आणि खर्ज एकटाच चालूं ठेवी. ऑगस्टस पाब्लो हा मेलोडिका नांवाचें, फुंकून वाजवावयाचें, शाळकरी मुलांचें वाद्य वाजवी. त्याची १९७६ ची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ही डबची सर्वोत्तम तबकडी होय. पण ती पहिल्या दिवशीं ऐकूं नये. मूळ गाणें कानांत असल्याशिवाय त्यांतून काय वजा केलें आहे हें कसें कळणार?

बाकीच्यांची नुसती यादी द्यावी तर ती लांबेल. मायटी डायमंड्सची 'राइट टाइम' मधुर कंठांसाठीं आणि चॅनल वन स्टुडिओच्या पलटणीसारख्या ढोलांसाठीं. पीटर टॉशची 'ईक्वल राइट्स' स्पष्टवक्तेपणासाठीं. आणि बनी वेलरची 'ब्लॅकहार्ट मॅन', १९७६, जी कित्येकांच्या मतें मार्लेच्या कोणत्याहि तबकडीहून सरस आहे. हें मत धाडसी वाटलें तरी ती ऐकल्यावर तितकें धाडसी वाटत नाहीं. इस्रायल व्हायब्रेशन या त्रयीची 'द सेम साँग', १९७८, हिचा मात्र निराळा उल्लेख हवा. हे तिघेहि बालपणीं पोलिओनें पांगळे झालेले. किंग्स्टनच्या मोना येथील पुनर्वसन केंद्रांत एकमेकांना भेटलेले. कुबड्यांवर उभे राहून गाणाऱ्या या तिघांच्या स्वरांत करुणेची याचना कोठेंहि नाहीं. फार तर एक प्रकारची थट्टेखोर शांति आहे.

एक उणीव प्रांजळपणें मान्य केली पाहिजे. हें जग पुरुषांचें होतें. पंथांतहि स्त्रियांना दुय्यम स्थान, आणि स्टुडिओंत बहुधा मागें उभें राहून साथ करण्याचें काम. मार्लेच्या मागें गाणाऱ्या तिघींपैकीं जुडी मोवाट हिनें १९७९ सालीं 'ब्लॅक वुमन' ही तबकडी स्वतःच्या देखरेखीखालीं केली. मळ्यावरच्या गुलाम स्त्रीचा भार तींत प्रथमच स्त्रीच्या तोंडून ऐकूं येतो. बर्निंग स्पिअरच्या प्रश्नाला घरांतून मिळालेलें हें उत्तर आहे, म्हणून तीं दोन्ही पाठोपाठ ऐकलीं तर बरें.

ऐकण्याच्या साधनाविषयीं एक सूचना. दूरध्वनि-यंत्राच्या चिमुकल्या कर्ण्यांतून हें संगीत ऐकणें व्यर्थ होय. त्यांत खर्ज येतच नाहीं, आणि खर्ज गेला कीं उरतो तो गिटारीचा टकटकाट. हें संगीत उघड्या मैदानांत, कपाटाएवढ्या ध्वनिवर्धकांसमोर, रात्रभर उभ्या असलेल्या लोकांसाठीं रचलें गेलें. घरांत तेवढें शक्य नाहीं, आणि शेजाऱ्यांचाहि विचार करावा लागतो. पण बऱ्यापैकीं ध्वनिवर्धक किंवा कानावर बसणारीं चांगलीं श्रवणयंत्रें तरी असावींत. एका बैठकींत एकच तबकडी ऐकावी, आणि पहिल्या बाजूपासून क्रमानें ऐकावी.

'टू सेव्हन्स क्लॅश' कोणत्या क्रमानें ऐकावी हें सांगावयाचें राहिलें. ती केव्हांहि ऐकावी. एवढ्या भयंकर भविष्याची तबकडी, आणि चाल पाहावी तर हंसती, पाय उचलावयास लावणारी. किंग्स्टनच्या लोकांनीं जिच्यासाठीं दारें लावून घेतलीं, ती दारें उघडून नाचण्याजोगी आहे. जोसेफ हिल त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें देशोदेशीं ती गात हिंडला. २००६ च्या १९ ऑगस्ट रोजीं, युरोपच्या दौऱ्यावर असतांना, बर्लिन येथें त्याला अकस्मात् मृत्यु आला. मैफली ठरलेल्या होत्या. त्याचा मुलगा केन्याटा दौऱ्यावर बरोबर होता. तो बापाच्या जागीं उभा राहिला, आणि उरलेल्या गांवीं तींच गाणीं त्यानें गाइलीं.